घरच्या सर्व्हरसाठी आधी डिस्कांची मांडणी ठरवा, ऑपरेटिंग सिस्टिम नंतर

घरी सर्व्हर (घरातल्या सगळ्यांच्या फाइल साठवणारा, सतत चालू असलेला संगणक) लावायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो "उबुंटू टाकू की ट्रूनॅस?" हा. खरं तर ऑपरेटिंग सिस्टिम ही या सगळ्यात सहज बदलता येणारी गोष्ट. पुसून नवी टाकायला एक संध्याकाळ पुरते. भरलेल्या डिस्कांची रचना बदलायची तर मात्र सगळा डेटा दुसरीकडे हलवावा लागतो, आणि तेवढी रिकामी जागा घरात कुठे पडून असते? म्हणून इथे क्रम उलटा ठेवलाय: डेटा, यंत्र, डिस्का, त्यांची रचना आणि मग ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम).

उदाहरणाला एक साधं घर धरू. चार माणसं, चार फोन, दहा-पंधरा वर्षांचे फोटो आणि व्हिडिओ, स्कॅन केलेले सातबारा आणि खरेदीखतं, थोडे सिनेमे. गूगल फोटोजची मोफत अमर्याद साठवण १ जून २०२१ ला बंद झाली, त्यानंतर प्रत्येकाच्या खात्यातले १५ जीबी कधीच भरलेत.

पायरी १: डेटाचे तीन ढीग करा

वही घ्या आणि तीन रकाने आखा. पहिल्यात गेलं तर परत कधीच न मिळणारं: फोटो, घरचे व्हिडिओ, आजोबांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग. दुसऱ्यात खटपट करून परत मिळेल असं: बँकेची स्टेटमेंटं, टॅलीच्या फाइल, दाखले. तिसऱ्यात पुन्हा उतरवून घेता येईल ते सगळं. प्रत्येकासमोर आजचा आकार लिहा आणि गेल्या वर्षभरात किती वाढ झाली तेही लिहा.

आपल्या उदाहरणातल्या घरात पहिला ढीग ६०० जीबी, दुसरा ५०, तिसरा १५०० आणि फोटोंची वाढ वर्षाला १२० जीबी. पाच वर्षांनी पहिला ढीग १.२ टीबी होईल, सगळं मिळून पावणेतीन टीबी. म्हणजे ४ टीबीची डिस्क पुरते. मात्र कंपन्या टीबी मोजतात हजाराच्या पटीत आणि संगणक मोजतो १०२४ च्या पटीत, त्यामुळे ४ टीबीची डिस्क जोडल्यावर ३.६ च्या आसपास दिसते. त्यातही ८० टक्क्यांच्या वर भरायची नाही असं ठरवलं तर हातात २.९ उरतात. पावणेतीन टीबी या मापात अडीच होतात, म्हणजे बसतात. सोळा टीबीच्या डिस्कची जाहिरात बघून जीव खालीवर करायचं कारण नाही.

या यादीचा खरा उपयोग पुढे होतो. बॅकअप पहिल्या दोन ढिगांचाच घ्यायचा आहे. तिसऱ्यावर पैसे घालवू नका.

पायरी २: यंत्र

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची ऑफिसातून काढलेली यंत्रं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत स्वस्तात मिळतात. लिनक्सला त्यांचं वय आड येत नाही. दोन्हींत निवड असेल तर सातवी पिढी घ्या. १० बिटचे एचईव्हीसी (नव्या पद्धतीने दाबून छोटे केलेले) व्हिडिओ तिचा ग्राफिक्स भाग स्वतः हाताळतो, सहावीला ते पूर्णपणे जमत नाही. जेलिफिनवरून (घरच्या सर्व्हरवरचे सिनेमे दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवरून) टीव्हीवर सिनेमे बघायचे असतील तर हा फरक रोज जाणवतो.

तळहाताएवढी मिनी पीसी दिसायला छान, पण तिच्यात एक २.५ इंची डिस्क आणि एक एम.२ (बोर्डावरच बसणारी पट्टीसारखी एसएसडी) एवढंच मावतं. ३.५ इंची दोन डिस्का हव्या असतील तर 'एसएफएफ' म्हणजे आडवा छोटा डबा बघा आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला झाकण उघडायला सांगा. जागा दोन आहेत का, साटाची (डिस्क जोडायच्या सॉकेटची) पॉवर वायर दोघींपर्यंत पोचते का, हे डोळ्यांनी बघा. या डब्यांतला पॉवर सप्लाय कंपनीच्या खास मापाचा असतो, बाजारातला साधा बसत नाही. रॅम ८ जीबी चालते. फोटोंसाठी इमिच (गूगल फोटोजसारखा, स्वतःच्या सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम) लावणार असाल तर १६ घ्या, कारण चेहरे ओळखण्याचं काम रॅम मागतं.

यूएसबी डब्यात डिस्का घालून सर्व्हर करायचा मोह टाळा. बॅकअपच्या डिस्कसाठी यूएसबी ठीक आहे. चोवीस तास चालणाऱ्या डिस्कसाठी ते भरवशाचं नाही. कनेक्शन क्षणभर सुटतं आणि परत जुळतं, तेवढ्यात रेडला (अनेक डिस्का एकत्र बांधून चालवणाऱ्या व्यवस्थेला) वाटतं की डिस्क मेली.

विजेचा हिशेबही आत्ताच करा. ६० वॅट खाणारं जुनं डेस्कटॉप चोवीस तास चाललं तर महिन्याला ४३ युनिट आणि वर्षाला ५२५ युनिट होतात. १५ वॅटचं यंत्र वर्षाला १३१ युनिटांवर थांबतं. युनिटला दहा रुपये धरले तरी वर्षाचा फरक चार हजारांच्या घरात जातो. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटांना टप्पे आहेत, तेव्हा महिन्याला २८० युनिट जाळणारं घर या ४३ मुळे वरच्या टप्प्यात जाईल. 'फुकट मिळालेला' संगणक असा महाग पडतो.

पायरी ३: डिस्का

हार्ड डिस्क घेताना एकच गोष्ट अडून विचारा: सीएमआर की एसएमआर? सीएमआरमध्ये डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी, सुटे असतात; एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. एकदा लिहून ठेवायच्या बॅकअपला चालतं, पण रेडमध्ये खराब डिस्क बदलून नवी भरायची वेळ आली की काम रखडतं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या, खास नाससाठी (नेटवर्कवर फाइल साठवणाऱ्या यंत्रासाठी) म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्का एसएमआर असल्याचं उघड झालं होतं. म्हणजे खोक्यावर 'नास' लिहिलंय यावर विसंबू नका, मॉडेल नंबर कंपनीच्या तक्त्यात ताडून बघा. २.५ इंची, जास्त क्षमतेच्या स्वस्त डिस्का जवळजवळ सगळ्या एसएमआर असतात.

डिस्क घरी आली की लगेच डेटा भरू नका. आधी स्मार्टची (डिस्कने स्वतःची तब्येत तपासायच्या सोयीची) लांब चाचणी लावा. ४ टीबीला सात-आठ तास लागतात, रात्री लावून झोपा. सकाळी अहवालात तीन ओळी बघा: क्रमांक ५ म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचताना अडणारे सेक्टर आणि १९९ म्हणजे केबलवरच्या चुका. पहिल्या दोन्हींत शून्यच हवं. नव्या डिस्कवर एखादा आकडा दिसला तरी परत करा. १९९ वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी साटा केबल बदला, कारण बहुतेकदा दोष तिचाच असतो. जुनी डिस्क घेतली असेल तर ती पूर्ण लिहून-वाचून तपासणारी 'बॅडब्लॉक्स' चाचणीही करा. दोन-तीन दिवस जातील, जाऊ द्या.

ओएससाठी वेगळी, १२८ किंवा २५६ जीबीची एसएसडी ठेवा. ओएस, डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) आणि डेटाबेस तिच्यावर, फोटो आणि सिनेमे मोठ्या डिस्कांवर. इमिचचा डेटाबेस हार्ड डिस्कवर ठेवला तर फोटो शोधताना घरचे कंटाळून पुन्हा गूगलकडे जातील.

पायरी ४: रचना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

रेड हा बॅकअप नव्हे, हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि तरी दोन डिस्का आल्या की पहिला हात मिररकडे जातो. मिररमध्ये दोन्ही डिस्कांवर एकाच वेळी तेच लिहिलं जातं. भाच्याने 'गोवा २०१८' फोल्डर उडवला तर तो दोन्हींवरून त्याच क्षणी उडतो. विजेचा झटका बसला तर दोन्ही एकाच डब्यात. मिरर वाचवतो फक्त एका प्रसंगातून: एक डिस्क मेली आणि सर्व्हर थांबायला नको होता.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. दोनच डिस्कांचे पैसे असतील तर मिरर करू नका. एक सर्व्हरमध्ये लावा, दुसऱ्यावर बॅकअप घ्या आणि ती काढून ठेवा. तिसरी घेता आली की मग दोघींचा मिरर आणि तिसरी बॅकअपला. घरचा सर्व्हर दोन दिवस बंद राहिला तर कुणाचं दुकान बुडत नाही.

आता फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत. इथे खरा वाद ईएक्सटी४, झेडएफएस आणि बीटीआरएफएस यांच्यात असतो.

ईएक्सटी४ जुनी, साधी, कुठल्याही लिनक्सवर उघडणारी. पण डिस्कवरचा एखादा बिट आपोआप उलटला तर तिला पत्ता लागत नाही. खराब झालेला फोटो ती निमूटपणे तुमच्या हातात देते आणि पुढच्या बॅकअपमध्येही तोच जातो.

झेडएफएस सन मायक्रोसिस्टिम्समध्ये तयार झालं आणि २००५ मध्ये खुलं झालं. ते प्रत्येक तुकड्याची चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ठेवतं. वाचताना चेकसम जुळली नाही तर मिररमधल्या दुसऱ्या डिस्कवरून बरोबर प्रत उचलतं आणि बिघडलेली दुरुस्तही करतं. डिस्क एकच असेल तर दुरुस्ती होत नाही, पण कुठली फाइल बिघडली ते नावानिशी सांगतं, आणि बॅकअप असेल तर तेवढं पुरतं. शिवाय स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या फाइलींची गोठवलेली स्थिती: क्षणात घेतले जातात आणि सुरुवातीला जवळजवळ जागा खात नाहीत. भाच्याच्या त्या उद्योगावर हाच उपाय.

झेडएफएसबद्दल दोन गैरसमज पसरलेले आहेत. प्रत्येक टीबीमागे १ जीबी रॅम हवीच, हा पहिला. ते मोकळी रॅम कॅशसाठी वापरतं आणि इतरांना लागली की सोडतं. प्रचंड रॅम लागते ती डीड्यूप (सारखे तुकडे एकदाच साठवायची सोय) चालू केल्यावर, आणि घरी ते चालू करायचंच नाही. दुसरा, ईसीसी (स्वतःतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या) रॅमशिवाय झेडएफएस धोक्याचं. ईसीसी असली तर कुठल्याही फाइल सिस्टिमला चांगलीच, नसली तरी झेडएफएस इतरांपेक्षा वाईट ठरत नाही.

बीटीआरएफएस कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) असतं, एका डिस्कवर किंवा मिररमध्ये छान चालतं. तिचे रेड ५ आणि ६ (तीन-चार किंवा जास्त डिस्कांच्या रचना) मात्र तिचे निर्मातेच वापरू नका म्हणतात, तेव्हा तिकडे फिरकू नका.

वेगवेगळ्या मापाच्या चार-पाच जुन्या डिस्का पडून आहेत आणि त्यावर बहुतेक सिनेमेच ठेवायचेत? मग मर्जरएफएस आणि स्नॅपरेड ही जोडी बघा. डिस्का वेगळ्याच राहतात, एकत्र दिसतात, आणि पॅरिटी (गेलेल्या डिस्कवरचा डेटा परत काढायला लागणारी जादा माहिती) रात्री एकदा मोजली जाते. एक डिस्क गेली तर बाकीच्यांवरचा डेटा जागच्या जागी. दिवसभर बदलणाऱ्या फाइलींना ही पद्धत योग्य नाही.

आपल्या उदाहरणातल्या घरासाठी निर्णय: ४ टीबीच्या दोन सीएमआर डिस्का झेडएफएस मिररमध्ये, तिसरी बॅकअपला. तीन डिस्कांचं रेड-झेड (झेडएफएसची पॅरिटीवाली रचना) मी सुचवत नाही. मिररमध्ये जागा वाढवायची तर एकेक करून दोन्ही डिस्का मोठ्या बसवल्या की काम झालं. रेड-झेडमध्ये एकेक डिस्क वाढवायची सोय ओपनझेडएफएस २.३ मध्ये, म्हणजे २०२५ साली आली.

पायरी ५: आता ओएस

रचना ठरली की अर्धे पर्याय आपोआप गळतात.

*ट्रूनॅस.* फक्त झेडएफएस, सगळं ब्राउझरमधून. अ‍ॅप आता डॉकरवर चालतात, २४.१० आवृत्तीपासून. कमीत कमी ८ जीबी रॅम लागते आणि ओएसची डिस्क डेटाला वापरता येत नाही. हे तयार उपकरण समजा. आत हात घालून स्वतःची पॅकेजं टाकायची नाहीत. फ्रीबीएसडीवरची जुनी 'कोअर' शाखा नव्या माणसाने निवडू नये, पुढचं काम डेबियनवर आधारलेल्या शाखेतच चाललंय.

*ओपनमीडियाव्हॉल्ट.* डेबियनच, वरून ब्राउझरचा पडदा. हलकं, जुन्या यंत्रावर चालतं. ईएक्सटी४ किंवा मर्जरएफएस ठरवलं असेल आणि टर्मिनलची (आज्ञा टाइप करायच्या काळ्या पडद्याची) भीती असेल तर हे घ्या.

*अनरेड.* पैसे देऊन घ्यायचं. सहसा पेन ड्राइव्हवरून चालतं आणि तेव्हा लायसन्सही त्या पेन ड्राइव्हलाच बांधलेलं. वेगवेगळ्या मापांच्या डिस्का हाताळण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. पण दोन डिस्कांच्या घराला त्याची गरज नाही.

*प्रॉक्समॉक्स.* आभासी यंत्रं, म्हणजे एका संगणकात अनेक ओएस, चालवण्यासाठी. होम असिस्टंटची (घरातली दिव्यांसारखी उपकरणं चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) पूर्ण ओएस आणि फाइल सर्व्हर एकाच डब्यात हवे असतील तर उत्तम. फक्त फोटो आणि सिनेम्यांसाठी एक जादा मजला चढवल्यासारखं होतं.

*डेबियन की उबुंटू सर्व्हर?* उबुंटूच्या दीर्घ पाठिंब्याच्या आवृत्तीत झेडएफएस तयार मॉड्यूल म्हणून येतं, पाच वर्षं अपडेट मिळतात. डेबियनमध्ये लायसन्सच्या भांडणामुळे झेडएफएस 'काँट्रिब' विभागात असतं आणि तुमच्या यंत्रावर बांधलं जातं. त्यासाठी कर्नल हेडर (कर्नलशी जुळवून घ्यायला लागणाऱ्या फाइली) लागतात आणि सिक्युअर बूट (सही नसलेले भाग सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर सहीची जादा पायरी येते.

माझी निवड डेबियन १३, कारण ते दोन वर्षं शांत बसतं आणि मध्येच काही नवं गळ्यात मारत नाही. पण टर्मिनल आयुष्यात पहिल्यांदा उघडणार असाल तर बिनदिक्कत ट्रूनॅस घ्या. डिस्का झेडएफएसच्या आहेत, म्हणजे पुढे मन बदललं तर पूल (झेडएफएसने एकत्र बांधलेला डिस्कांचा संच) ट्रूनॅसमधून एक्स्पोर्ट करून डेबियनमध्ये इम्पोर्ट करता येतो. अट एवढीच की नव्या ओएसमधलं झेडएफएस जुन्यापेक्षा मागच्या आवृत्तीचं नको, म्हणून 'पूल अपग्रेड करा' ही सूचना दिसली की लगेच दाबू नका.

पायरी ६: बसवणं

पुढच्या पायऱ्या डेबियनच्या आहेत. त्याची आयएसओ (ओएस बसवायची फाइल) पेन ड्राइव्हवर लिहा. बसवण्याआधी मोठ्या डिस्कांच्या केबल काढून ठेवा. चुकीची डिस्क पुसण्याचा प्रश्नच मिटतो. झेडएफएस डेबियनवर लावणार असाल तर बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा आणि तिथेच 'वीज परत आल्यावर आपोआप सुरू' हेही लावून टाका.

इन्स्टॉलरमध्ये रूटचा पासवर्ड रिकामा सोडा, म्हणजे पहिल्या वापरकर्त्याला सुडो (मालकाचे अधिकार वापरायची मुभा) आपोआप मिळतं. सॉफ्टवेअरच्या यादीत डेस्कटॉपवरची खूण काढा आणि एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या संगणकावरून आज्ञा द्यायची सोय) व मूळ साधनं एवढंच ठेवा. राउटरमध्ये या यंत्राला कायमचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) नेमून द्या.

यंत्र बंद करून डिस्का जोडा. काँट्रिब चालू करून हेडर आणि झेडएफएस टाका. पूल बनवताना डिस्कांना एसडीए, एसडीबी या नावांनी हाक मारू नका. केबल इकडची तिकडे झाली की ती नावं बदलतात. 'बाय-आयडी' फोल्डरमधलं, सीरियल नंबर असलेलं नाव वापरा. अ‍ॅशिफ्ट १२ ठेवा (डिस्कवर लिहायच्या लहानात लहान तुकड्याचं माप; पूल बनल्यावर ते बदलता येत नाही) आणि एलझेड४ कॉम्प्रेशन चालू ठेवा. मग ढिगांप्रमाणे वेगळे डेटासेट (पुलातले स्वतंत्र कप्पे) करा: फोटो, कागद, सिनेमे. पायरी १ ची वही इथे कामी येते, कारण स्नॅपशॉट आणि बॅकअप डेटासेटवार लावता येतात. सॅनॉइड नावाचं साधन फोटो आणि कागदांचे रोजचे तीस, महिन्याचे सहा असे स्नॅपशॉट ठेवून जुने स्वतः काढतं. सिनेम्यांना काही नको.

विंडोज आणि फोनवरून फोल्डर उघडण्यासाठी साम्बा. त्याचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डशिवाय स्वतंत्रपणे नेमावा लागतो, 'लॉगिन होत नाही' या तक्रारीचं मूळ सहसा तिथेच सापडतं. बाहेरून फोटो बघायचे असतील तर राउटरवर इंटरनेटसाठी पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडू नका. बऱ्याच घरगुती जोडण्यांत एकच आयपी अनेकांत वाटलेला असल्याने ते चालतही नाही. टेलस्केल किंवा वायरगार्ड (बाहेरून घरच्या नेटवर्कात सुरक्षित शिरायची साधनं) वापरा.

मराठी नावांच्या फाइल हलवताना

हे इंग्रजी मार्गदर्शकांत सापडणार नाही. लिनक्सच्या बहुतेक फाइल सिस्टिममध्ये, झेडएफएस धरून, फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजीचं एक अक्षर एक बाइट घेतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. वाचताना सहा अक्षरांचा असलेला 'सत्यनारायण' संगणकाच्या हिशेबी १० चिन्हांचा, म्हणजे ३० बाइट. एकूण ८५ चिन्हांत नाव संपवावं लागतं. विंडोज बाइट मोजत नाही, तिथे २५५ चिन्हं चालतात. त्यामुळे 'आजीचा पंच्याहत्तरावा वाढदिवस घरगुती कार्यक्रम आणि सत्यनारायण पूजा नाशिक सर्व पाहुणे एकत्र फोटो' असली फाइल विंडोजवर सुखाने नांदते आणि सर्व्हरवर यायला नकार देते. ईक्रिप्टएफएस पद्धतीने फोल्डर एन्क्रिप्ट केला तर मर्यादा १४३ बाइटवर येते, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हं.

म्हणून नक्कल करताना लॉग फाइलमध्ये साठवा, शेवटी अडलेली नावं शोधा, ती लहान करा आणि पुन्हा चालवा. मूळ डिस्क पुसण्याआधी दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळवा.

पायरी ७: वीज

घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. वीज गेल्यावर तो सर्व्हर चालू ठेवेल, पण बॅटरी संपत आली हे त्याला सांगणार नाही. डेटा पोर्ट असलेला छोटा यूपीएस घ्या, यूएसबीने सर्व्हरला जोडा आणि 'नेटवर्क यूपीएस टूल्स' लावा. चार्ज ठरावीक पातळीखाली गेला की सर्व्हर नीट बंद होतो. घेताना पोर्ट आहे ना, हे बघा. स्वस्त मॉडेलांत बऱ्याचदा नसतो. कोकणात पावसाळ्यात वीज दहा मिनिटांत चारदा जाते-येते, तिथे हा खर्च डिस्कच्या आधी करा.

पायरी ८: बॅकअप

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. आपल्या घरासाठी त्याचं रूप असं: मिरर ही एक प्रत (दोन नव्हे), यूएसबी डिस्कवर दुसरी, आणि गावी किंवा भावाच्या घरी तिसरी. यूएसबी डिस्क आठवड्यातून एकदा जोडा आणि काम झालं की काढा. सतत जोडलेली ठेवली तर रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) तिलाही गिळतं. रेस्टिक किंवा बोर्ग या बॅकअपच्या साधनांपैकी एक निवडा, दोन्ही एन्क्रिप्ट करून ठेवतात. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा आणि घरातल्या आणखी एकाला सांगा. बाहेरची प्रत दिवाळी आणि गणपतीला गावी जाताना डिस्क अदलाबदल करून ताजी ठेवली तरी चालते.

दर तिमाहीला बॅकअपमधून दहा फोटो दुसऱ्याच यंत्रावर काढून उघडून बघा. न उघडलेला बॅकअप मोजायचा नाही.

डिस्क जाईल तेव्हा

डेबियन दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी झेडएफएसचा स्क्रब (सगळा डेटा वाचून चेकसम ताडून बघणं) आपणहून चालवतं, पण त्याचा निकाल तुम्हाला कळायची सोय तुम्हीच करायची. झेडएफएसचा आणि स्मार्टचा इशारा मेलवर किंवा टेलिग्रामवर येईल असं लावा आणि खोटा इशारा पाठवून तो खरंच पोचतो का ते बघा.

प्रत्येक डिस्कच्या पुढच्या कडेला तिच्या सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे मार्करने मोठे लिहून ठेवा. पूल 'डिग्रेडेड' झाला, म्हणजे एक डिस्क गमावून चालू राहिला, की झेडएफएस सीरियल नंबर असलेलंच नाव दाखवतं. यंत्र बंद करायचं, तो आकडा असलेली डिस्क काढायची, नवी तपासून बसवायची, 'रिप्लेस'ची आज्ञा द्यायची. अडीच टीबी भरलेली असेल तर पाच-सहा तास लागतात. तोवर फोटो चालू राहतात. बॅकअपची डिस्क मात्र त्या रात्री जोडायची ती रिप्लेस सुरू करण्याआधी.